टपालाने क्षमा

लोहिनीवा, ९ मार्च १९५८

हुल्दाताई,

देवाची शांती तुझ्यावर, अर्विद दाजींवर आणि वाऱ्याने वाकलेल्या तुमच्या त्या मासे वाळवायच्या मांडवावरही असो. आम्ही ठीक. नदीवर अजून घोडा चालेल एवढा बर्फ आहे.

मुद्द्यावर येतो. माझ्याकडे एक पाप आहे. लपवलेलं. साधंसुधं नाही. साधी पापं मी इथल्या इथे, प्रार्थनाघरात शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या गळ्यात पडून वेळच्या वेळी मिटवतो, तुला माहीत आहे. हे मोठं आहे. लोहिनीवात एवढं पाप आणखी कुणाकडे असेल असं वाटत नाही, आणि मी इथल्या सगळ्यांना ओळखतो.

अडचण अशी, की ते इथे सांगता येत नाही. गाण्याचा पहिला सूर मी लावतो. संत योहानाच्या सणाला मोठी सभा यंदा आमच्याकडे आहे, सीमेपलीकडूनही माणसं येणार. अशा वेळी लोकांच्या मनात गोंधळ नको.

म्हणून मी एक मार्ग काढला आहे. क्षमेचे शब्द कुणीही श्रद्धावंत उच्चारू शकतो, त्याला पाद्री लागत नाही, असं आपण लहानपणापासून मानतो. उच्चारू शकतो तर लिहूही शकतो. तेव्हा तू जाड कागदावर शाईने (पेन्सिल नको, पुसली जाते) असं लिही: ‘हेमिंग, येशूच्या नावाने आणि रक्ताने तुझी सगळी पापं क्षमा झाली आहेत, विश्वास ठेव.’ खाली सही आणि तारीख. पाप कोणतं ते विचारू नकोस. ‘सगळी’ या शब्दात ते येतंच.

तुझा नम्र भाऊ,
हेमिंग

ता. क. ‘नम्र’ हा शब्द विचार करून लिहिला आहे.


सुर्फ्योर्ड, २० मार्च

हेमिंग,

तुझं पत्र आलं आणि नेहमीप्रमाणे कॉफीच्या टेबलावर मोठ्याने वाचलं गेलं. या घरात पत्र असंच वाचतात. अर्विदला बारीक अक्षर दिसत नाही, आणि शेजारच्या बेरेतकाकूंना दुसऱ्याचं पत्र ऐकल्याशिवाय कॉफी उतरत नाही.

‘लपवलेलं पाप’ ऐकल्याबरोबर काकूंनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या, “बाई असणार. दुकानातली कुरळ्या केसांची.”

मी म्हटलं, “काकू, त्याला बाई ठेवायला वेळ कुठाय? तो दिवसभर लोकांची घड्याळं उघडून बसलेला असतो.”

“मग टाय घातला असेल, आपल्यात मिरवणं समजतात तो. दार लावून, आरशासमोर.”

“किंवा माळ्यावरच्या खिडकीला तसेच मिरवायचे पडदे लावले असतील,” मी म्हटलं. “फुलांचे.”

त्यावर काकूंच्या नाकात कॉफी गेली आणि मला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. एवढा आनंद तुझ्या कुठल्याही पत्राने आजवर दिला नव्हता, त्याबद्दल आभार.

अर्विद खिडकीशी आमच्याकडे पाठ करून जाळं विणत होता. या घरात तुझं नाव निघालं की त्याची सुई जोरात चालते, एवढंच होतं. तुला माहीत आहे तरी लिहिते. लोहिनीवातला पहिला सूर आधी त्याच्या वडिलांचा होता, मग त्याचा, मग मंडळींनी तो काढून तुला दिला. आम्ही गाव सोडून इथे समुद्राकाठी आलो ते त्यानंतरच. इथल्या प्रार्थनाघरात तो पुस्तक उघडं धरतो आणि ओठ मिटून बसतो. बोटीत नाही, गोठ्यात नाही, कुठेच गात नाही.

कागद देणार नाही. काय विकत घेतोयस ते न सांगता पावती मागणारं गिऱ्हाईक तूच पहिलं. आधी पाप सांग.

हुल्दा


लोहिनीवा, २ एप्रिल

हुल्दाताई,

आधी चुका दुरुस्त करतो. दुकानातल्या बाईंचे केस कुरळे नाहीत, त्या रात्री कागदाच्या गुंडाळ्या लावून झोपतात असं माझी बायको म्हणते. टाय मी घालत नाही. आमच्या माळ्याला खिडकीच नाही, तिथे झरोका आहे, आणि झरोक्याला पडदा लावता येत नाही.

आता ऐक.

आमच्या प्रार्थनाघरात वाद्य वाजत नाही. सूर माणसाच्या गळ्यातून यायचा. आणि माझा सूर नेमका येतो. हिवाळा असो, सर्दी असो, घर भरलेलं असो की रिकामं, प्रत्येक गाणं जिथे सुरू व्हायला हवं तिथेच सुरू होतं. लोक विचारायचे, “हेमिंग, तुला कसं रे कळतं?” तेव्हा मी छताकडे बघायचो. तोंडाने मी कधी खोटं बोललो नाही, हे लक्षात घे. मी फक्त वर बघायचो. बाकीचं त्यांनी ठरवलं, की देवानेच दिलंय.

देवाने नाही दिलं, ताई. माझ्या डाव्या बाहीत नादकाटा असतो. दोन दातांचा पोलादी, हरापरांदाच्या बाजारात घेतलेला. गाण्याचा आकडा सांगितला की सगळे पानं उलटतात. तेवढ्यात मी तो गुडघ्याच्या वाटीवर हलकेच मारतो (मांडीवर मारला तर आवाज मरतो, हे मी स्वतः शोधून काढलं आहे), दांडा कानामागच्या हाडाला टेकवतो आणि डोकं खाजवल्यासारखं करतो. सूर फक्त मला ऐकू येतो. त्यावरून मोजत खाली उतरायचं. ही रीत मी कुणाकडून शिकलेलो नाही.

हे झालं पाप. दाजींचा सूर उंच लागायचा हे तर खरंच होतं, तिसऱ्या कडव्याला बायका किंचाळायच्या. त्यामुळे नुकसान असं कुणाचं झालं नाही. तरी मनाला लागून राहिलंय.

आता तो कागद पाठव.

हेमिंग

ता. क. हे पत्र टेबलावर वाचू नकोस.


सुर्फ्योर्ड, १२ एप्रिल

हेमिंग,

‘वाचू नकोस’ हे पत्राच्या शेवटी लिहितात का? एवढा हुशार माणूस तू, घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग बदलतोस, आणि हे सुचलं नाही?

मी वाचत होते. झरोक्यापर्यंत आले तेव्हा काकू हसत होत्या, मीही हसत होते. त्याच जोरात मी ‘देवाने नाही दिलं, ताई’ एवढं वाचलं, आणि पुढची ओळ डोळ्यांना दिसली. मी थांबले.

अर्विदची सुईसुद्धा थांबली. त्याने न वळता विचारलं, “काय नाही दिलं देवाने?”

मी म्हटलं, “लाकूड. यंदा चांगलं लाकूड मिळालं नाही म्हणतोय. खुर्च्या करतोय ना. आता पुढे सगळं पायांबद्दल आहे, खुर्चीच्या.”

अर्विदने जाळ्याची एक गाठ ओढली. मग म्हणाला, “त्याच्या खुर्च्या डगमगत नाहीत, ते मान्य करायला हवं.”

इतक्या दिवसांत तुझ्याबद्दल तो पहिल्यांदा चांगलं बोलला, आणि तेही माझ्या थापेवर. मी उठून भांडी घासायला गेले. धुतलेलीच होती.

म्हणजे आता पाप माझ्याकडूनही झालं, आणि ते मला त्याच्याजवळ सांगताही येत नाही, कारण माझं सांगायला गेले की मागून तुझं बाहेर पडतं. काकू रोज विचारतात, झाल्या का खुर्च्या. मी आतापर्यंत तुझ्याकडून एक टेबलही करवून घेतलं आहे.

आणि ‘नुकसान कुणाचं झालं नाही’ म्हणतोस. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी बोटीत अर्विदला म्हटलं होतं, गा की रे, इथे कोण ऐकतंय. तो म्हणाला, “हुल्दा, देवाने ते माझ्याकडून काढून तुझ्या भावाला दिलं. उगाच नाही काढून घेत तो. माझ्यात काहीतरी बघितलं असणार त्याने.” मग त्याने वल्ही उचलली. तेव्हापासून तो स्वतःमध्ये ते काहीतरी शोधतोय, हेमिंग. पोलादाच्या एका तुकड्यामुळे.

बर्फ वितळला की बस धरून ये. त्याच्यासमोर उभा राहा आणि सांग.

हुल्दा


लोहिनीवा, २७ एप्रिल

हुल्दाताई,

तुझ्या पत्राने मी हललो. रविवारी सभेत उठून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “मी पापी आहे. तुम्हाला वाटतो त्याहून मोठा.” आवाज फार चांगला लागला होता. मागच्या भिंतीपर्यंत गेला असावा.

ताई, काय सांगू. म्हातारे इसाक, आमचे उपदेशक, काठी टाकून माझ्या गळ्यात पडले. “विश्वास ठेव, हेमिंग, सगळं क्षमा झालंय.” मागच्या बाकावरच्या आज्या टाळ्या वाजवत उड्या मारायला लागल्या, एकीची चप्पल चुलीपाशी जाऊन पडली. बाहेर आल्यावर लोक म्हणत होते, एवढा मानाचा माणूस, पण बघा किती लीन.

पापाचा तपशील मी दिला नाही. कुणी विचारला नाही.

घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते, ते दारापर्यंत. दारात तुझं पत्र आठवलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. बस दुपारी येते, तू मागे सकाळची लिहिली होतीस ती चूक आहे.

हेमिंग


सुर्फ्योर्ड, २६ मे

हेमिंग,

तू आलास. उकडलेला कॉड मासा खाल्लास, कॉफीत चीजचे तुकडे बुडवून सगळं चीज संपवलंस. आमचं घड्याळ दुरुस्त केलंस, काकूंचंही केलंस, दोन्ही आता एकदम वाजतात आणि काकू भिंतीपलीकडून ओरडून सांगतात, वाजले. मग तू आणि अर्विद धक्क्यावर गेलात.

मी खिडकीशी होते. पडदा नसलेल्या खिडकीचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. तू त्याच्या समोर उभा राहिलास, टोपी काढलीस. मी मनात म्हटलं, आता. काकू म्हणाल्या, “काय चाललंय?” मी म्हटलं, “चूप.” तू बोलायला लागलास. हात हलवत बोललास, खाली वाकलास, गुडघ्यावर बसलास. माझे डोळे भरून आले.

बस गेल्यावर मी अर्विदला विचारलं, “काय म्हणाला?”

“खांब कुजलाय म्हणाला धक्क्याचा. कसा बदलायचा ते सांगितलं.”

“आणि?”

“डांबर कुठलं लावायचं तेही.”

खांब कुजलाय हे खरं आहे, बघितलं मी. पण खांबापुढे गुडघे टेकायला कुणी बसभाडं खर्च करत नाही. सणाची सभा तोंडावर आली आहे. त्या दिवशी तू पुन्हा बाहीत लोखंड घालून वर छताकडे बघणार असशील तर मला पत्र लिहू नकोस. तुझ्यासाठी आणखी खुर्च्या करायची ताकद माझ्यात नाही.

हुल्दा


लोहिनीवा, ८ जून

हुल्दाताई,

हे पत्र टेबलावर मोठ्याने वाच. या वेळी सुरुवातीलाच सांगतोय. दाजी समोर असू देत. बेरेतकाकू नसतील तर बोलावून घे. मध्ये थांबू नकोस.

अर्विद दाजी,

धक्क्यावर तुम्ही मला विचारलंत, “हेमिंग, काही बोलायचं होतं का?” मी ‘हो’ म्हणालो, आणि तेवढ्यात मला तो खांब दिसला. मला आयुष्यात कुठल्याही लाकडाचा एवढा आनंद झाला नव्हता. त्यावर मी किती वेळ बोललो ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही “बरं” म्हणालात.

आता खांबाशिवाय सांगतो. माझा सूर देवाने दिलेला नाही. माझ्या बाहीत नादकाटा असतो. मी तो लपवून वाजवतो आणि वर बघतो, म्हणजे लोकांना वाटावं वरून आलं. तुमच्या जागेवर मी असा बसलो.

(इथे तुमच्या सुराबद्दल एक वाक्य होतं. ते मी खोडलं आहे. अजून वाचता येत असेल तर ताईने वाचू नये.)

देवाने तुमच्याकडून काही काढून घेतलं नाही. मी घेतलं. तुमच्यात काही वाईट बघून घेतलं असंही नाही. मला ते हवं होतं, एवढंच. लोकांनी विचारावं, ‘हेमिंग, तुला कसं रे कळतं,’ हे मला हवं होतं.

इथल्या सभेत मी रडलो आणि लोकांनी मला लीन म्हटलं. तेही मी चोरलं.

मला क्षमा करता येईल का? नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण समजेल.

हेमिंग


सुर्फ्योर्ड, १६ जून

हेमिंग,

वाचलं. शेवटपर्यंत. खोडलेलं वाक्यही वाचलं, काय करणार, वाचता येत होतं.

अर्विदने सुई खाली ठेवली. म्हणाला, “ते परत वाच.”

“कुठलं?”

“देवाचं.”

मी वाचलं: देवाने तुमच्याकडून काही काढून घेतलं नाही, मी घेतलं. तो म्हणाला, “परत.” मी परत वाचलं. मग तो उठला आणि टोपी न घालता बाहेर गेला. मला वाटलं, चालला आता लोहिनीवाला, पायी. काकू म्हणाल्या, “कुऱ्हाड आतच आहे, बघितलं मी. कॉफी ओत.”

कॉफी निवली. तो दारात आला तेव्हा चेहरा असा होता की हसतोय का रडतोय ते मला, त्याच्या बायकोला, कळेना. म्हणाला, “हुल्दा, मलाही सांगायचंय. रोज झोपताना मी देवाला म्हणायचो, एकदा, फक्त एकदा, भरल्या सभेत त्याचा सूर चुकू दे. पुढे ‘तुझी इच्छा असेल तर’ जोडायचो, म्हणून मला वाटायचं ही प्रार्थनाच आहे.”

मी म्हटलं, “अर्विद, खुर्च्या नव्हत्या.”

“कुठल्या खुर्च्या?”

“हेमिंगच्या. एकही नव्हती. टेबलही नव्हतं.”

तो आत येऊन खाली बसला. मग पोट धरून हसायला लागला. मी त्याच्या गळ्यात पडले आणि विचारलं, मी विश्वास ठेवू का, आणि तो हसता हसता म्हणाला, ठेव, ठेव, येशूच्या नावाने ठेव, खुर्च्यांसकट ठेव. मग मी त्याला म्हटलं, तूही ठेव.

तेवढ्यात काकू एकदम मोठ्याने रडायला लागल्या. दुकानातल्या कुरळ्या बाईचं त्यांनी नुसतं तर्क म्हणून सोडलं नव्हतं. मार्चमध्येच खाडीच्या दोन्ही काठांवर ती बातमी त्यांनी पक्की करून पोचवली होती. इथे सगळे तुला त्याच कारणासाठी ओळखतात. तू बसमधून उतरलास तेव्हा लोक एवढे का बघत होते, ते आता कळलं. आम्ही दोघांनी काकूंना मिठी मारली, काकूंचा पाय जाळ्यात अडकला, जाळ्याबरोबर कॉफीचं भांडं खाली आलं, आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून एकमेकांना क्षमा करत होतो. कुणी कुणाला किती वेळा केली याचा हिशेब राहिला नाही. काकू उद्यापासून दारोदार जाऊन तुझं नाव धुणार आहेत. त्यात त्या आणखी काय जोडतील ते देवाला माहीत.

मी अर्विदला विचारलं, “मग हेमिंगला लिहू का, क्षमेचे शब्द?”

तो म्हणाला, “नको. टपालाने नको.”

एवढंच म्हणाला. याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही. तू सणाचं बघ.

हुल्दा


लोहिनीवा, २९ जून

हुल्दाताई,

सण झाला. घर इतकं भरलं होतं की खिडक्या उघडून माणसं बाहेर गवतावर बसली होती. इसाक आजोबांनी गाण्याचा आकडा सांगितला. मी नादकाटा बाहीतून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. काय, कसं, कुठे मारायचा आणि मी वर का बघायचो, सगळं सांगितलं. अर्विद दाजींकडून ती जागा मी कशी घेतली तेही, नावासकट. मग तो टेबलावर ठेवला आणि त्याच्याशिवाय गाणं सुरू केलं.

दाजींना सांग, त्यांच्या प्रार्थनेला यश आलं. मी एवढा खाली लागलो की पुरुष बैलांसारखे घुमायला लागले आणि बायकांना सूरच सापडेना. दुसऱ्या कडव्यात इसाक आजोबांना हसू फुटलं. मग पुढचा बाक, मग सगळं घर. गवतावरची माणसं विचारायला लागली, आत काय झालं. माणसं हसत होती, रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आणि मधूनच कुणीतरी गाण्याची एक ओळ पुढे ढकलत होतं. मीसुद्धा हसत होतो. आपल्यावर हसताना एवढं हलकं वाटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतः शोधून काढायला मला पन्नाशी गाठावी लागली.

वाईट बातमी अशी, की आता मंडळी म्हणतात मी उपदेशक व्हावं. एवढा नम्र माणूस त्यांनी बघितलेला नाही म्हणे. मी नाही म्हणालो. घरी आलो, आणि लक्षात आलं की ‘नाही’ किती छान म्हटलं यावर मी खूश आहे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “विश्वास ठेव, क्षमा झालीय, आणि आता बटाटे सोल.”

दाजी काही म्हणाले का? ‘टपालाने नको’ यावर मी रोज विचार करतो. क्षमा नको की टपाल नको?

हेमिंग


सुर्फ्योर्ड, १० जुलै

हेमिंगा,

हे मी स्वतः लिहितोय. अक्षर मोठं आहे, कारण मलाही दिसायला हवं.

टपाल नको.

ते शब्द माणसाच्या कानात सांगायचे असतात, म्हणून ये. येताना मनाची जरा तयारी ठेव, कारण काकूंनी तुझं नाव इतकं धुतलंय की काठावरच्या बायका आता तुला संत समजतात. ते दोन दिवसांत उतरेल, तुला मासे साफ करायला बसवतो.

तू येशील त्या रविवारी इथला पहिला सूर मी लावणार आहे. मंडळींनी विचारलं, मी हो म्हणालो. बोटीत लावून बघितला. उंच लागतो, तू खोडलेल्या वाक्यात लिहिलंयस तसाच.

तू माझ्या शेजारी उभा राहा आणि त्या उंच सुरातच गा.

अर्विद